बारीक धारेला न पेटणारा बंब

आई लातूरहून यायला पंधरा दिवस उरले होते आणि आमच्या तळघरातली गरम पाण्याची टाकी गळायला लागली. सकाळी कपडे धुवायला खाली गेलो, तर चपला चपचप वाजल्या. टाकीच्या बुडातून पाणी झिरपत होतं. पन्नास गॅलनची, म्हणजे साधारण १९० लिटरची ही लोखंडी टाकी चौदा वर्षांची होती. अशा टाक्या दहा-बारा वर्षं चालतात. आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीच्या बदल्यात ती स्वतः गंजत राहते आणि ती संपली की गंज टाकीला धरतो. ती कांडी बदलायची असते, हे मला टाकी गळाल्यावर कळलं.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला एका उपनगरात राहतो. इथं घरोघरी अशी टाकी असते आणि खाली गॅसचा बर्नर. कुणी वापरो न वापरो, ती दिवसरात्र पाणी गरम ठेवते. प्लंबर म्हणाला, दुसरी टाकीच बसवा किंवा टँकलेस घ्या. टँकलेस म्हणजे भिंतीवर टांगलेली सुटकेसएवढी पेटी. नळ सोडला की पेटते, बंद केला की विझते. मी मनात म्हटलं, हा तर आपल्या बाथरूममधला गॅस गिझर! फक्त अंगानं भरलेला. आपल्याकडचा विजेचा छोटा इन्स्टंट गिझर तीन किलोवॅटचा असतो. ही पेटी पूर्ण जोरात पेटली की अठ्ठावन्न किलोवॅट खाते, म्हणजे तसले एकोणीस गिझर एकदम. म्हणूनच गॅसची अर्ध्या इंची पाइप काढून पाऊण इंची टाकावी लागली. जुनं धुराडं बंद करून भिंतीला भोक पाडलं आणि प्लास्टिकची नळी बाहेर काढली. या यंत्राचा धूर इतका निवतो, की त्यातल्या वाफेचं पाणी होतं. ते आम्लधर्मी असतं, म्हणून चुनखडीच्या खड्यांतून गाळून मोरीत सोडायचं. परवाना, तपासनीस, मजुरी सगळं धरून चार हजार डॉलरच्या पुढे गेलं. टाकी याच्या निम्म्यात झाली असती.

मग घेतलं कशाला? इथल्या ऊर्जा खात्याचा हिशेब असा, की दिवसाला ४१ गॅलनपर्यंत गरम पाणी वापरणाऱ्या घरात हे यंत्र टाकीपेक्षा २४ ते ३४ टक्के जास्त कार्यक्षम ठरू शकतं. वापर त्याच्या दुप्पट असला, तर फरक ८ ते १४ टक्क्यांवर येतो. आम्ही तिघं, पहिल्या गटातले. शिवाय पेटी वीसेक वर्षं टिकते म्हणतात. आणि खरं सांगायचं तर मुलीच्या आंघोळीनंतर माझ्या वाट्याला कोमट पाणी यायचं, त्याला मी कंटाळलो होतो.

आई आली. तिला तळघरात नेऊन कौतुकानं पेटी दाखवली. ती वरून खालून बघत म्हणाली, "आन् पाणी कुठं साठतंय?"

साठतच नाही म्हटल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. आमच्या लातूरच्या घरात हौद, त्यावर सिमेंटची टाकी, त्यावर प्लास्टिकची टाकी, स्वयंपाकघरात रांजण आणि मोरीत पिंप. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणार, तर साठवणीवरच संसार. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा पहिल्या खेपेला पाच लाख लिटर होतं. आईला तो आकडा अजून तोंडपाठ आहे. अशा बाईला घरातली टाकी काढून भिंतीवर डबा लावला, याचं कौतुक कसं वाटावं?

तिच्या डोक्यात गरम पाणी म्हणजे बंब. तांब्याचा, मधोमध धुराडं, त्यात तुराट्या नाही तर पऱ्हाट्या कोंबायच्या. तोटीतून एक बादली काढली की वरून एक ओतायची, नाही तर पुढच्याला घंगाळात नुसती वाफ. कुणी ओतायला विसरलं की सकाळी सकाळी भांडण. टाकीचं आणि बंबाचं यात जमतं, दोन्हींत पाणी मोजकंच असतं.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "तुझं मशीन बिघडलंय. भांडी घासताना गार पाणी येतंय."

मी नळ सोडून बघितला, कडकडीत पाणी. पुन्हा तिनं सोडला, गार. दोन-तीनदा असं झाल्यावर तिच्याकडे नीट बघितलं, तेव्हा उलगडलं. आई नळ पूर्ण सोडतच नाही. करंगळीपेक्षा बारीक धार, वाटी धुऊन झाली की लगेच बंद. मी तांब्या लावून मोजलं, लिटरभर भरायला पाऊण मिनिट लागलं. आणि आमच्या पेटीला पेटायला मिनिटाला किमान दोनेक लिटर पाणी वाहावं लागतं. त्याच्या खाली, प्रवाह ओळखणाऱ्या आतल्या चाकाला पाणी आहे हेच उमगत नाही. जन्मभर पाणी वाचवत आलेल्या बाईला हे यंत्र गारच पाणी देणार. तिला हे समजावून सांगताना मला उगाच लाज वाटली.

ती म्हणाली, "मंजी सांडल्याबिगर पेटत न्हाई म्हण की."

दुसरी गंमत पाण्याच्या वाटेची. पेटी लगेच पेटली, तरी पाइपातलं गार पाणी आधी बाहेर पडावंच लागतं. शिवाय पेटी बाहेरच्या भिंतीला गेल्यामुळं बाथरूम लांब पडलं. आधी पस्तीस सेकंद लागायचे, आता पन्नास. शॉवरखाली आठेक लिटर पाणी नुसतं गटारात. टाकी होती तेव्हाही जात होतं, पण कधी लक्षात आलं नाही. आईनं पहिल्याच दिवशी बघितलं. "काय करलालास रे!" म्हणून ओरडली आणि गॅरेजमधली गाडी धुवायची बादली आणून शॉवरखाली ठेवली.

जानेवारीत वादळात तीन तास वीज गेली. गॅस होता, नळाला पाणी होतं, पण पेटीचा मेंदू विजेवर. गरम पाणी बंद. जुन्या टाकीत असल्या वेळी निदान भरलेलं गरम पाणी मिळायचं. आई स्वेटर घालून बसली आणि म्हणाली, लोडशेडिंगमध्ये सुद्धा तिचा बंब कधी बंद पडला नव्हता.

हिवाळ्यात इथं नळाचं पाणी चार-पाच अंशांचं असतं. ते पन्नासच्या आसपास न्यायचं तर पेटी मिनिटाला अठराएक लिटर देते, उन्हाळ्यात पंचवीसच्या पुढे. म्हणजे जानेवारीत दोन शॉवर आणि भांड्यांचं मशीन एकदम लावायचं नाही. वर्षातून एकदा छोट्या पंपानं तासभर आतून पांढरं व्हिनेगर फिरवायचं, क्षार काढायला. ते बघून आईला बादलीत पाणी तापवायचा विजेचा रॉड आठवला. लातूरच्या बोअरच्या पाण्यात रॉडवर महिन्याभरात पांढरं कवच चढतं, ते ती सुरीच्या पाठीनं खरवडते. असली पेटी घेऊन आमच्या बोअरला जोडली तर काय होईल, याचा विचारच नको.

एक मात्र धाकट्या भावाला फोन करून सांगितलं. आमची पेटी बाहेरची हवा ओढते आणि धूर बाहेरच टाकते. त्याचा गॅस गिझर बंद बाथरूममध्ये आहे, खिडकी हिवाळ्यात लावलेली. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, माणूस आंघोळ करता करता पडतो. गिझर बाहेर काढ, म्हटलं. आईनं फोन घेऊन त्याला जे सुनावलं, त्यानंतर आठवड्यात गिझर गच्चीवर गेला.

पाइपातलं गार पाणी वाया न घालवता परत फिरवणारा पंप मिळतो. प्लंबरला भाव विचारला, सहाशे डॉलर. आईला रुपयांत सांगितलं. तिनं काही न बोलता बाथरूममधली भरलेली बादली उचलली आणि कुंड्यांकडे गेली.