ते कापड कोणी अंगावर घेईना

नायजेरियात लागोसला स्टेज लाइटिंगचं काम करत होतो तेव्हाची गोष्ट. नाटक तिथलेच लेखक वोले सोयिंका यांचं, 'डेथ अँड द किंग्ज हॉर्समन', 1975 सालचं. योरुबा म्हणजे तिथला एक समाज; त्यांचा राजा गेला की त्याचा घोडेस्वार एलेसिन यानेही मागोमाग जायचं आणि इंग्रज अधिकारी ते अडवतो, 1946 साली तिथल्याच ओयो गावात घडलेल्या प्रसंगावरून घेतलंय.

दुसऱ्या प्रवेशात तो साहेब आणि त्याची बायको फॅन्सी ड्रेससाठी एगुंगुनचा पोशाख घालून टँगो नाचतात. एगुंगुन म्हणजे पितर, कापडाच्या थरांखालून घरच्यांना भेटायला येतात, आतला माणूस कोण ते दिसू द्यायचं नसतं.

मला फोकस लावायचा होता, नट जेवायला गेलेले, म्हणून बॅकस्टेजच्या पोराला म्हटलं, हे घाल आणि मध्ये उभा राहा. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. दुसरा म्हणाला, मी चर्चला जातो सर, पण हे नको. कापड बाजारातलं, शिंप्याने त्याच आठवड्यात शिवलेलं, तरीही. तेवढ्यात अमुसाचं काम करणारा नट आला, म्हणाला, सर, माझा सीन हाच तर आहे. अमुसा मुसलमान हवालदार, पण साहेबाच्या अंगावर ते कापड बघितल्यावर तो रिपोर्ट द्यायलाच तयार होत नाही. मी कुडाळचा, दशावतारात आधी पोशाखांच्या पेटाऱ्याची पूजा होते हे लहानपणापासून बघितलेलं, मला हे आधीच कळायला हवं होतं. पोशाख नीट घडी करून ठेवला आणि फोकसला मीच उभा राहिलो.

संध्याकाळी तिसरा प्रवेश. एलेसिनच्या अंगात येतं तिथे मी धूर आणि निळा-लाल लाइट ठेवला होता. म्हातारे ढोलवाले, सगळे त्यांना बाबाच म्हणायचे (योरुबातही बाबा म्हणजे बाबाच), वाजवायचे थांबले. म्हणाले, राजा बोलावतोय ते ढोल सांगतोय, तू मध्ये बोलू नकोस. काखेतल्या ढोलाच्या दोऱ्या दाबल्या की सूर चढतो, सोडल्या की उतरतो, आणि योरुबा भाषाच चढ-उतारावर चालते, म्हणून ढोल खरंच शब्द बोलतो. एक ओळ त्यांनी माझ्यासाठी हळू वाजवून दाखवली, शेजारच्या बाईने ती तशीच तोंडाने म्हटली.

धूर काढला. फक्त चंद्राचा पांढरा लाइट ठेवला, कारण चंद्र वर आला की एलेसिनने निघायचं असतं. शोच्या रात्री तो नाचायला लागला तेव्हा माझं बोट फेडरवर, म्हणजे लाइट कमी-जास्त करायच्या पट्टीवर होतं, पूर्ण प्रवेशभर ते मी हलवलं नाही.