आमची वाटचाल: बार्जच्या जनरेटरपासून बेटावरच्या वाऱ्यापर्यंत

आमचा शेड गोव्यात कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आहे आणि नवीन माणूस आला की आधी मागच्या बाजूला जाऊन पवनचक्की शोधतो. पवनचक्की नाहीये. आम्ही ती बनवत नाही, विकत नाही, बसवतही नाही. आम्ही कंट्रोल पॅनल आणि लोड बँक (मुद्दाम वीज खाणारे मोठे हीटर) बनवतो, म्हणजे ज्या बेटावर बाहेरून वीज येतच नाही तिथे वाऱ्याची वीज आणि डिझेल जनरेटर एकाच तारेवर भांडण न करता चालावेत म्हणून जे काय लागतं ते. ऐकायला छोटं वाटतं. पण अशा ठिकाणी टर्बाइन उभं करणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग असतो, खरी कटकट वारा आल्यावर सुरू होते आणि आमचं पोट त्या कटकटीवर चालतं.

सुरुवात बाबांपासून. फोंड्यात त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक मुख्यतः बार्जवाले. मांडवी आणि जुवारीतून खनिज भरून मुरगाव बंदराकडे जाणाऱ्या बार्जची रांग ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायला नको. प्रत्येक बार्जवर स्वतःचा छोटा जनरेटर, त्यावर दिवे, पंप, विंच सगळं. शाळेला सुट्टी पडली की मी बाबांबरोबर जायचो. विंच चालू झाली की केबिनमधला बल्ब मंद व्हायचा, विंच बंद झाली की तोच बल्ब एकदम भडकायचा आणि इंजिनाचा आवाज वर चढून मग हळूहळू जागेवर यायचा. आज जे काम करतो त्याचं निम्मं शिक्षण तिथे झालं, उरलेलं फर्मागुडीच्या कॉलेजात (सर लोकांनी राग मानू नये).

कॉलेज झाल्यावर मी दुकानाला पॅनलचं काम जोडलं. लाइट गेली की जनरेटर आपोआप सुरू करणारं पॅनल, दोन जनरेटर एकमेकांशी सिंक करणारं, म्हणजे एका तालात आणून जोडणारं पॅनल, असं. खाणींवर आणि बार्जवर भरपूर काम होतं, आणि मग सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. त्यावर गोव्यात एवढं बोलून झालंय की मी भर घालत नाही. बार्ज नदीत नांगर टाकून गंजत उभ्या राहिल्या आणि आमची उधारीसुद्धा त्यांच्याबरोबर उभी राहिली.

तारलं हॉटेलांनी, कळंगुटपासून कोलव्यापर्यंत. आणि तिथेच आम्हाला तो प्रॉब्लेम भेटला ज्याच्यावर पुढे सगळा धंदा उभा राहिला. हॉटेलने सीझनचा विचार करून ५०० केव्हीएचा (साधारण ४०० किलोवॅटचा) जनरेटर घेतलेला असतो, पण जुलैमध्ये रात्री लाइट गेली तर लोड, म्हणजे लागणारी वीज, जेमतेम ४०-५० किलोवॅट. डिझेल इंजिनाला असं उपाशी चाललेलं चालत नाही. क्षमतेच्या साधारण ३० टक्क्यांच्या खाली बराच वेळ चाललं की आतली उष्णता पुरत नाही, डिझेल नीट जळत नाही, सायलेन्सरमधून काळं तेलकट पाणी गळायला लागतं आणि सिलिंडरच्या आतली भिंत काचेसारखी गुळगुळीत होऊन इंजिन तेल प्यायला लागतं. उपाय जुनाच आहे: जनरेटरला मुद्दाम खोटा लोड द्यायचा, म्हणजे मोठे हीटर आणि त्यावर पंखा. तीच लोड बँक. पहिली आम्ही एका हॉटेलसाठी भाड्याने म्हणून बनवली, मग लोक विकत मागायला लागले.

बेटाचं काम असंच एका हॉटेलच्या मेंटेनन्स मॅनेजरमुळे आलं. तो इथून सोडून हिंदी महासागरातल्या एका रिसॉर्टवर गेला होता, तिथून फोन, म्हणे इथे दोन डिझेल सेट आहेत, नवीन छोटी विंड टर्बाइनं लागलीयेत, आणि वारा जोरात आला की दिवे नाचतात, एसी ट्रिप होतात, आणि डिझेल तर जवळजवळ तेवढंच जळतंय, मग वारा घेऊन फायदा काय? प्रश्न एकदम बरोबर होता.

आता जरा आतलं सांगतो, कंटाळा आला तर पुढचा पॅरा सोडा. आपल्याकडे ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेची ग्रिड (विजेच्या तारांचं मोठं जाळं) बाकी देशाशी जोडली गेली आणि तेव्हापासून बेटं सोडून अख्खा भारत एकाच ५० हर्ट्‌झवर फिरतोय. गोव्याला वीज पश्चिमेकडून पण येते आणि दक्षिणेकडून पण. एवढ्या मोठ्या ग्रिडमध्ये एक पवनचक्की थांबली काय अन् चालू झाली काय, मंगेशीच्या जत्रेत रथाच्या दोराला शेकडो हात असताना एकाने हात सोडला तर रथाला कळतसुद्धा नाही तसं. बेटावर तोच रथ चार जण ओढतायत. एक ढग, एक झोत, आणि फ्रिक्वेन्सी (विजेच्या लहरी सेकंदाला किती, तो वरचा ५० चा आकडा) ४८ ला किंवा ५२ ला. शिवाय वाऱ्याची ताकद वेगाच्या घनात वाढते, वेग दुप्पट झाला की वीज आठपट, म्हणजे झोत आला की वीज थोडीथोडकी नाही वाढत, धाडकन वाढते. वारा वाढला की डिझेलवरचा लोड कमी कमी होत जातो आणि परत तेच उपाशी इंजिन. बरं, डिझेल बंद करावं तर वारा पडल्यावर ते सुरू होऊन सिंक होईपर्यंत दहा-पंधरा सेकंद जातात आणि तेवढ्यात बेट काळोखात. म्हणून ऑपरेटर घाबरून दोन्ही सेट चालूच ठेवतो. तो मॅनेजर म्हणत होता ते हेच.

आम्ही वाचायला बसलो तेव्हा कळलं की जगात हे आधी करून ठेवलेलं आहे. स्कॉटलंडच्या वर, ऑर्कनी आणि शेटलंडच्या मधे फेअर आयल नावाचं चिमुकलं बेट आहे, पक्षी बघणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध. तिथे १९८२ मध्ये ६० किलोवॅटचं टर्बाइन लागलं. त्यांनी घरातल्या हीटरना फ्रिक्वेन्सी ओळखणारे स्विच लावले. वारा जास्त झाला की फ्रिक्वेन्सी चढते, चढली की हीटर आपोआप चालू होतात, पडली की बंद. निरोपासाठी कुठे वेगळी सिग्नलची वायर नाही, प्रत्येक घराला विजेच्या तारेतूनच निरोप मिळतो. मला हे वाचून बार्जवरचा तो बल्बच आठवला आणि खरं सांगू तर आमच्या पहिल्या कंट्रोलरचा गाभा हाच आहे. लोड बँकेचे हीटर १, २, ४, ८ अशा पटीत तुकडे करून ठेवायचे, म्हणजे थोड्या स्टेपमध्ये पाहिजे तेवढा लोड बनवता येतो, आणि प्रत्येक स्टेपचा चालू-बंद व्हायचा आकडा किंचित वेगळा. तो वेगळा नाही ठेवला तर सगळे हीटर एकदम चालू, फ्रिक्वेन्सी आपटते, सगळे एकदम बंद, परत चढते, आणि हे हंटिंग थांबतच नाही.

दुसरं बेट किंग आयलंड, ऑस्ट्रेलियात, टास्मानिया आणि मुख्य भूमीच्या मधल्या सामुद्रधुनीत. तिथे हायड्रो टास्मानियाने वारा, डिझेल, फ्लायव्हील (फिरत राहून ऊर्जा साठवणारं जड चाक), बॅटरी सगळं एकत्र केलंय आणि २०१३ पासून चांगला वारा असला की डिझेल पूर्ण बंद ठेवून बेट चालतं. लोक त्यातल्या बॅटरीचं कौतुक करतात, आमचा जीव मात्र त्यांच्या १.५ मेगावॅटच्या रेझिस्टरवर, म्हणजे वीज जाळून उष्णता करणाऱ्या लोड बँकेवर. कारण त्यातली गंमत अशी की जास्तीची वीज रेझिस्टरमध्ये जळत असते तेव्हा तीच तुमची शिल्लक असते. वारा पडला की रेझिस्टर क्षणात मागे घ्यायचा, तेवढी वीज लगेच गावाला मिळते आणि डिझेलला सुरू व्हायला वेळ मिळतो. लोक म्हणतात हीटरमध्ये वीज फुकट घालवता. अहो, ती फुकट नाही, त्या भरवशावर एक डिझेल सेट बंद ठेवता येतो. हे गिऱ्हाइकाला पटवायला आम्हाला पॅनल बनवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, अजूनही.

अलास्कातल्या कोडियाकची गोष्ट वास्कोच्या लोकांना आवडेल. पाणी आणि वारा यांवर जवळपास सगळं बेट चालतं, पण बंदरावर मोठी इलेक्ट्रिक क्रेन आली आणि ती कंटेनर उचलताना जो झटका मारायची तो सांभाळायला २०१५ मध्ये दोन फ्लायव्हील बसवले. म्हणजे परत विंच आणि बल्ब. आणि कॅनरी बेटांमधल्या एल हिएरोवर तर २०१४ पासून जास्तीच्या वाऱ्यावर पाणी वर चढवून ज्वालामुखीच्या मुखातल्या तलावात साठवतात. २०१९ च्या उन्हाळ्यात सलग २४ दिवस डिझेलशिवाय काढले त्यांनी. वर्षाचा हिशेब केला तर मात्र वाटा निम्म्याच्या आसपासच, हेही सांगितलं पाहिजे, कारण आमच्याकडे येणारे अर्धे लोक तेवढा २४ दिवसांचा व्हिडिओ बघून येतात.

रिसॉर्टच्या कामात नुसती लोड बँक न लावता आम्ही आधी तिथला खरा लोड शोधला, आणि तो होता समुद्राचं पाणी गोडं करणारा आरओ प्लांट. टाकी भरलेली असली की पाणी आत्ता काय आणि दोन तासांनी काय, कोणाला फरक पडत नाही. म्हणून वारा असेल तेव्हा आरओ, त्यानंतर लाँड्रीचं गरम पाणी, त्यानंतर बर्फ, आणि सगळं भरून उरलं तरच हीटर. फक्त आरओचे मेम्ब्रेन (पाणी गाळणारे पडदे) सारखे चालू-बंद केलेले चालत नाहीत, म्हणून एकदा सुरू झाला की ठराविक वेळ बंद होणार नाही असं लॉक टाकावं लागतं आणि मधले छोटे चढउतार हीटरनेच झेलायचे. आणखी एक गोष्ट तिथल्या रजिस्टरवरून कळली. वारा सगळ्यात चांगला पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, आणि पाहुणे सगळ्यात कमी तेव्हाच. गोव्यासारखंच. डिसेंबरमध्ये खोल्या भरलेल्या आणि वारा मरगळलेला. म्हणजे वर्षभराची सरासरी काढून टर्बाइनचा आकार ठरवला की दोन्ही सीझनला फसतो. तिथे आम्ही अजून एक टर्बाइन घेऊ नका सांगितलं, एक छोटा डिझेल सेट घ्या म्हटलं, मोठ्याच्या तिसऱ्या हिश्शाचा. हिरवी वीज पाहिजे असलेल्या मालकाला डिझेल सेट घे म्हणणं म्हणजे काय ते समजून घ्या. पण डिझेल कमी जळायला लागलं ते त्या छोट्या सेटमुळेच.

टेस्टिंगसाठी आमच्याकडे बेट नाही, मग शेडमध्येच बनवलं. एका मोटरला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) लावून अल्टरनेटर (वीज बनवणारा भाग) फिरवतो आणि व्हीएफडीला वाऱ्याची फाइल देतो, सेकंदासेकंदाची, म्हणजे ती मोटर टर्बाइनसारखी वागते. बाजूला जुना डिझेल सेट, तो एका बार्जवरूनच आलेला. बाबांच्या वेळचे वाइंडर काका अजून येतात आमच्याकडे, मीटर बघत नाहीत, नुसता आवाज ऐकून म्हणतात, "बाब, ह्याचा गव्हर्नर आळशी आहे," (गव्हर्नर म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) आणि लॉग, म्हणजे नोंदी, काढल्या की बहुतेक वेळा तसंच असतं. पावसात इस्टेटची लाइट गेली की आम्ही टेस्ट बेंचवर अख्खा शेड चालवतो, वेल्डिंग मशीनसकट. वेल्डिंगसारखा वाईट लोड नाही, ज्या कंट्रोलरने ते झेललं तो बेटावर जायला तयार.

खाऱ्या हवेबद्दल गोव्यातल्या माणसाला काय शिकवायचं. तरी सांगतो, पहिल्या पावसाळ्यात जे पॅनल बिघडतं ते बहुतेक सर्किटमुळे नाही, आत साचलेल्या दमटपणामुळे. आमच्या बॉडी ३१६ स्टेनलेसच्या, बसबारला (वीज वाहणाऱ्या जाड पट्ट्यांना) कथील, कार्डांवर कोटिंग, आणि प्रत्येक पॅनलमध्ये एक छोटा हीटर जो रात्रंदिवस आत दव धरू देत नाही. किमतीत आम्ही इथेच मार खातो, पावडर कोटिंगवाला स्वस्तात देतो. देऊ दे.

आपल्या देशातल्या बेटांवर वाऱ्याचं काम आम्हाला फारसं मिळालेलं नाही. लक्षद्वीप, अंदमानला डिझेल जहाजाने जातं, तिथे गरज आहेच, पण कल सोलरकडे जास्त आणि त्याचं कारण मला पटतं: सोलर पॅनल चार माणसं होडीतून उतरवतात, मोठ्या टर्बाइनला क्रेन लागते आणि क्रेनला जेटी लागते. वादळाच्या पट्ट्यात तर जमिनीवर आडवा झोपवता येणारा टॉवरच पाहिजे. सोलरसोबतही डिझेल उपाशी राहतंच, दुपारी बारा वाजता, त्यामुळे तेच कंट्रोलर थोडे बदलून तिथे चालतात आणि सध्या आमचं जास्त काम त्यातच आहे.

आणि हो, आसगाव-शिवोलीकडे व्हिला घेतलेल्या मंडळींचे फोन येतात, गच्चीवर पवनचक्की बसवायचीय म्हणून. आम्ही नाही म्हणतो. माडांच्या रांगेत वारा वळवळत येतो, वर्षातले आठ महिने त्यात दम नसतो, आणि तुमच्या दारात ग्रिड आहे. सोलर लावा, सुखाने राहा.

माझी भाची आता कंपनीत आलीय, सॉफ्टवेअर ती बघते, आणि तिचं म्हणणं की बॅटरी स्वस्त होतायत, ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर आले की डिझेल नसतानाही फ्रिक्वेन्सी तोच धरून ठेवेल, मग मामा तुमचे हीटर कोण घेणार? बरोबर आहे तिचं, थोडंसं. मोठी टर्बाइनं पाती वळवून वीज कमी करतात, त्यांना हीटर कमीच लागेल. पण बहुतेक छोट्या टर्बाइनांना ते जमत नाही, आणि बॅटरी भरलेली असताना रात्री दोनला झोत आला तर वीज कुठेतरी जायलाच हवी. आम्ही दोघांनी मधला मार्ग काढलाय, नवीन पॅनलमध्ये बॅटरी इन्व्हर्टरशी बोलणारं कार्ड तिने टाकलंय आणि हीटरच्या स्टेप मी काढलेल्या नाहीत. वाद जेवणाच्या टेबलावर अजून चालूच आहे.

कोणाला बेटासाठी किंवा ग्रिड नसलेल्या जागेसाठी चौकशी करायची असेल तर वाऱ्याचे नकाशे आणि टर्बाइनचे ब्रोशर नंतर पाठवा. आधी डिझेल सेटचा लोड लॉग पाठवा, दर सेकंदाच्या नोंदीचा, निदान एका आठवड्याचा, पाहुणे असतानाचा वेगळा आणि नसतानाचा वेगळा. महिन्याचं डिझेलचं बिल पाठवून काही कळत नाही. लॉगर नसेल तर आमचा कुरियरने पाठवतो, डिपॉझिट घेऊन.