सरांची सही

एका डेंटल कॉलेजात पेरिओ, म्हणजे हिरड्यांच्या, विभागाबाहेर निळा बाक आहे. त्याच्या डाव्या टोकाचा स्क्रू निघालाय, तिथे बसलं की बाक कुरकुरतो. हे मला पाठ आहे, कारण गेल्या पावसाळ्यात मी त्या बाकावर सात मंगळवार काढले. एका सहीसाठी. प्रत्यक्ष उपचार जेमतेम दोन तासांचा होता.

तर, हसले की माझ्या वरच्या हिरड्या दिसतात. थोड्याथोडक्या नाही, चांगला पट्टा. सातवीत गॅदरिंगचा फोटो बघून मामेभाऊ "घोडी हसली" म्हणाला, तेव्हापासून फोटोत हसणं बंद. आई म्हणायची, "तोंड मिटून हस गं, जास्त छान दिसतेस." लग्नाच्या अल्बममध्ये मांडवात कुणी उधारी मागायला आल्यासारखा चेहरा आहे माझा. ऑफिसात हसू आलं की हात आपोआप तोंडावर जातो, आणि लोकांना वाटतं, बाई फार मर्यादेची. नवरा म्हणतो, "मला कधी जाणवलंच नाही." बारा वर्षांत त्याने मला मोकळं हसताना किती वेळा पाहिलंय, हे मी त्याला विचारत नाही.

मार्चमध्ये दाढ भरायला पुण्यात सिंहगड रोडवरच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले होते. दाढ भरून झाल्यावर त्या सहज म्हणाल्या, "तुमचे पुढचे दात लहान नाहीत हो, झाकलेत." छत्तीस वर्षं मी समजत होते की देवाने मला दात बारके आणि हिरड्या मोठ्या दिल्या. त्यांनी आरसा हातात दिला. समोरचा दात रुंदीला होता तेवढाच उंचीला, अगदी चौकोनी. दात बाहेर आल्यावर हिरडी हळूहळू मागे सरकते आणि सगळा दात उघडा पडतो. काही जणांची ती अर्ध्यात थांबते. माझी थांबली होती. "पण हे एकच कारण असेल असं नाही," असंही त्या म्हणाल्या, आणि हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे जा असा सल्ला दिला.

मी काय केलं? शहाणपणा. मोबाईलवर शोधून तीन चकाचक क्लिनिकं गाठली. नळ स्टॉपला ऑफिस असल्यामुळे लंच टायमात कर्वे रोडवरची दोन उरकली, तिसरं औंधला. पहिल्या ठिकाणी वरच्या ओठाच्या स्नायूंत बोटॉक्सची इंजेक्शनं सुचवली, ओठ कमी उचलला जाईल म्हणून. दुसऱ्या ठिकाणी लेझर, "अर्ध्या तासात हिरडी कापतो, टाकेही नाहीत." तिसऱ्या ठिकाणी तारा आणि हाडात छोटे स्क्रू बसवून दात वर खेचायचे, आणि तेवढ्याने नाही भागलं तर वरचा जबडाच कापून वर सरकवायचा. म्हणजे लंच टायमातल्या इंजेक्शनापासून पूर्ण भूल देऊन जबड्याच्या ऑपरेशनपर्यंत सगळं, एकाच तोंडासाठी. आणि तिघांपैकी एकानेही पट्टी लावून काही मोजलं नव्हतं.

आता मला कळतं की चारही उपाय खरे आहेत, फक्त चार वेगवेगळ्या कारणांवरचे. ओठ जास्त वर जात असेल तर बोटॉक्स, पण त्याचा असर साधारण तीन-चार महिने, सहापर्यंत टिकला तर नशीब. मग पुन्हा टोचून घ्यायचं. हिरडीने दात झाकला असेल तर हिरडीचं काम. दात खाली उतरले असतील तर तारा. वरचा जबडाच उभा वाढलेला असेल तर जबडा. शिवाय काहींच्या हिरड्या औषधाने वाढतात. फिटच्या एका गोळीने आणि बीपीच्या काही गोळ्यांनी तसं होतं, म्हणून कुठली औषधं चालू आहेत ते आपणहून सांगा. मला हे कॉलेजात विचारलं, क्लिनिकांत नाही.

कॉलेजात गेले ते पैशांसाठी, हे कबूल करते. क्लिनिकात दर दाताला वेगळे पैसे, आणि माझ्या आठ दातांचं काम होतं. आमच्या मेडिक्लेमवाल्यांनी "सौंदर्योपचार" या एका शब्दात विषय संपवला.

केसपेपर, ओरल मेडिसिन विभागात तपासणी, तिथून पेरिओ, रक्ताच्या तपासण्या, थ्रीडी स्कॅन, दात साफ करणं, हे सगळं जूनपर्यंत सुरळीत झालं. मला दिलेले पीजी, म्हणजे पदव्युत्तर शिकणारे, डॉक्टर पंचविशीतले, अतिशय सभ्य. त्यांनी पहिल्यांदा मोजलं. समोरच्या दाताची उंची ८ मिलिमीटर, जी साधारण १० ते ११ असते. हसल्यावर दिसणारी हिरडी ५ मिलिमीटर. माझ्या इतक्या वर्षांच्या लाजेचं माप इतकं साधं निघेल असं वाटलं नव्हतं. पाच मिलिमीटर! सफाईनंतर हिरडीची सूज उतरायला चार आठवडे द्यायचे, मग उपचाराच्या आराखड्यावर त्यांच्या सरांची सही, मग शस्त्रक्रिया. सर केस फक्त मंगळवारी बघतात. "एक मंगळवार लागेल, मॅडम," पीजी म्हणाले.

पहिला मंगळवार. सर इन्स्पेक्शनच्या ड्यूटीवर. हे साडेअकराला कळलं, मी नऊपासून बसले होते.

दुसऱ्या मंगळवारी सर आले. माझ्या दातांवर लाल औषध लावलं गेलं, ते किटण असेल तिथे रंगतं. मागच्या दातांवर रंगलं. "पेशंटचं ब्रशिंग नीट नाही," सर पीजींना म्हणाले. मला नाही, पीजींना. मी तिथेच खुर्चीत आडवी, लाल तोंडाने. ब्रश हिरडीला तिरका धरून कसा फिरवायचा ते प्लास्टिकच्या जबड्यावर शिकवलं आणि पुढच्या मंगळवारी या म्हणाले. घरी आल्यावर माझी दहा वर्षांची मुलगी रोज रात्री माझं ब्रशिंग तपासायला लागली. तिला ती कामगिरी भलतीच आवडली.

तिसऱ्या मंगळवारी दात स्वच्छ, पण स्कॅनची सीडी विभागातल्या कॉम्प्युटरवर उघडेना. त्या कॉम्प्युटरला सीडीची खाचच नव्हती. स्कॅन सेंटरमध्ये परत जाऊन पेन ड्राइव्हवर घेऊन या. (तुम्ही स्कॅन काढाल तेव्हाच पेन ड्राइव्ह घेऊन जा, आणि बघायचं सॉफ्टवेअरही त्यात टाकून मागा. नुसत्या छापील फोटोंवर सर बोलत नाहीत.)

चौथ्या मंगळवारी पीजीच नव्हते. त्यांची महिनाभर ग्रामीण केंद्रावर पोस्टिंग लागली होती. फाईल त्यांच्या लॉकरमध्ये, लॉकरची किल्ली त्यांच्या खिशात, खिसा सत्तर किलोमीटरवर. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "ताई, नवीन केसपेपर काढा ना, पन्नास रुपये फक्त." प्रश्न पन्नास रुपयांचा नव्हता. माझ्या चार हाफ-डे गेल्या होत्या, आणि आमचे साहेब मला "दात कोरून पोट भरताय का?" असं विचारून स्वतःच हसत होते. हिरड्या न दाखवता. मी त्या दिवशी पायऱ्यांवर उभी राहून घरी फोन केला आणि म्हटलं, मी बोटॉक्स घेऊन टाकते. नवरा म्हणाला, "घे, पण चार महिन्यांनी पुन्हा तिथल्या बाकावर बसशील त्याचं काय?" राग आला, कारण बरोबर होतं.

पाचव्या मंगळवारी नवी पीजी मुलगी आली. तिने फाईल कुठूनशी मिळवली होती, त्याबद्दल मी तिला आजन्म दुवा देईन. पण माझे फोटो आधीच्या डॉक्टरांच्या लॅपटॉपवर, तेव्हा फोटो पुन्हा. आणि इथे जे झालं त्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

"मॅडम, पूर्ण हसा." मी हसले. "नाही, पूर्ण." मी आणखी हसले. तिने फोटो बघितला, नाराज झाली. हिरडी ३ मिलिमीटरच दिसत होती. मागच्या नोंदीत ५. आता सरांना काय दाखवायचं? दोन इंटर्न गोळा झाले. एकाने विनोद सांगितला, तो वाईट होता. दुसरा म्हणाला, "जोरात ई म्हणा." मी ई म्हणाले. चोवीस वर्षं मेहनतीने अर्धं हसायला शिकलेल्या बाईला खुर्चीत बसवून, डोळ्यांवर दिवा मारून, तीन पोरं पूर्ण हसायला सांगतायत, आणि ते तिला जमत नाही! मला रडू येईल असं वाटत होतं. तेवढ्यात दारातून मावशी लादी पुसत आत आल्या, आमचा घोळका बघून म्हणाल्या, "काय हो, बाळंतपण चाललंय का इथं?" आणि मी खदाखदा हसले. हात वर जाईपर्यंत पीजी मुलीने फोटो काढला होता. ५ मिलिमीटर.

म्हणून सांगते, मोजायला जाण्याआधी घरच्यांना सांगून आपला खरा हसतानाचा व्हिडिओ मोबाईलवर घेऊन ठेवा. डॉक्टरांना तोच जास्त उपयोगी पडतो. आणि फाईलच्या प्रत्येक पानाचा फोटो स्वतःकडे ठेवा, कुणी काहीही म्हणो.

सहावा मंगळवार गणपतीत आला. सर रजेवर. त्याबद्दल मी काही बोलत नाही, मीही आरतीला घरी होते, फक्त फोन करून विचारलं होतं.

सातव्या मंगळवारी सरांनी चार मिनिटं दिली. घड्याळ लावून सांगते, चारच. स्कॅन बघितला, माप बघितलं, पीजीला विचारलं, "हाड कुठे आहे?" तिने स्क्रीनवर दाखवलं. हाडाची कड दाताच्या मानेला जवळजवळ चिकटलेली होती. "मग नुसती हिरडी कापून काय होईल?" "परत वाढेल, सर." हिरडीला हाडापासून साधारण ३ मिलिमीटर जागा लागते. ती दिली नाही तर हिरडी पुन्हा खाली येऊन बसते. म्हणजे त्या अर्ध्या तासाच्या लेझरला हो म्हटलं असतं तर काही महिन्यांत मी पुन्हा होते तिथेच. सर मग माझ्याकडे वळले, पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलले: "ओठही थोडा जास्त उचलला जातो तुमचा. त्यामुळे दोन-अडीच मिलिमीटर हिरडी दिसत राहील. चालेल?" चालेल म्हटलं. त्यांनी सही केली. सात आठवड्यांचा माझा राग त्या सहीबरोबर जायला हवा होता, पण तो गेला नाही. एवढं नीट बघणारा माणूस पहिल्याच मंगळवारी बघू शकला असता, असंच वाटत राहिलं.

शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखं फार नाही. संमतीपत्र इंग्रजीत होतं, मी मराठी मागितलं, मिळालं. मागा, ते कपाटात असतं. भुलीची इंजेक्शनं सोडून दुखलं नाही. हिरडी मागे घेऊन हाडाची कड किंचित घासताना डोक्यात घरघर आवाज येतो तेवढाच. वर गुलाबी लेपाची पट्टी बसवली. दुसऱ्या दिवशी ओठ सुजला, मऊ भात आणि गार ताकावर चार दिवस काढले. एक चूक केली: कसं दिसतंय बघायला आरशासमोर ओठ वर ओढला आणि एक टाका सैल झाला. ओठ ओढू नका. सगळे ओढतात, तरी ओढू नका. तोंड धुवायच्या औषधाने दात तपकिरी झाले तर घाबरू नका, ते पॉलिशने जातं. चहा बंद ठेवलात तर कमी होतं, असं म्हणतात. मी ठेवला नाही. गार पाणी दीड महिना दातांना झोंबत होतं, आता कमी आहे.

समोरचा दात आता साडेदहा मिलिमीटर आहे. आईला दाखवला, ती बराच वेळ बघून म्हणाली, "दात मोठे झाले की गं तुझे!" मामेभावाला अजून कळलेलं नाही, आणि मी सांगणारही नाही. हात अजून कधीकधी तोंडावर जातोच.

तीन महिन्यांनंतरचे फोटो काढून झालेत. त्यावर सरांची सही व्हायची आहे. येत्या मंगळवारी बोलावलंय.