बेळगावच्या पावसाला जमेल असं घर
घर बांधायचं ठरलं तेव्हा आम्ही आधी पावसाचा विचार केला, कारण आमच्याकडं जूनपासनं नैऋत्येचा वारा सुटला की दक्षिण-पश्चिमेच्या भिंतींना पाऊस नुसता झोडपून काढतो. त्यामुळं फोटोत दिसतात तसले बिनछज्ज्याचे मॉडर्न एलिव्हेशन (घराचे दर्शनी भाग) नकोच होते. आर्किटेक्टला स्पष्ट सांगितलं, पश्चिमेला खिडक्या कमी आणि छोट्या, छज्जे चांगले अडीच फूट बाहेर, आणि मोठ्या काचा उत्तरेला, म्हणजे दिवसभर उजेड येतो पण थेट ऊन फारसं आत येत नाही.

सोपा, म्हणजे घराच्या पुढची बसायची ओसरी, मात्र आईनं सोडला नाही आणि तिचंच बरोबर आहे, चार माणसं आली की टेकायला जागा पायजेच की! सोप्याची एक भिंत खानापूरकडच्या जांभ्या चिऱ्याची केली, गिलावा न करता, काय देखणी दिसते.

आणि स्लॅबला घाई करू नका हां. ओपीसी (साधं पोर्टलंड) सिमेंट असेल तर किमान ७ दिवस, पीपीसीला (फ्लाय ॲशसारखं पोझोलाना मिसळलेल्या सिमेंटला) १० दिवस तरी ओल टिकली पायजे, नुसतं सकाळ-संध्याकाळ पाणी मारून भागत नाही, आम्ही वाफे करून पाणी साठवूनच ठेवलं.