तुम्ही विचारलंत म्हणून: फराळाची जाहिरात का करत नाही?

नाशिकला डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर प्रदर्शनात माझ्या घरगुती फराळाचा स्टॉल लावला की दिवसातून चार वेळा तरी हा प्रश्न येतोच. "ताई, चकली एवढी खुसखुशीत, मग जाहिरात का नाही करत? रील टाका ना!" आता त्यात २०२७ च्या सिंहस्थाची भर पडली आहे. "एवढी गर्दी येणार, आता तरी बोर्ड लावा." आणि हीच मंडळी बचत गटातल्या एखादीला पुढे करून म्हणतात, "हिला जरा मार्केटिंगच्या टिप्स द्या." मी हसून पुडा पुढे करते. हसून हसून आता कंटाळा आला, म्हणून एकदाचं सांगून टाकते.

आधी एक कबुली. सुरुवातीला मी तोऱ्यात असायचे. चवीला जाहिरात लागत नाही, असं पंचवटीतल्या माझ्या ओट्याशी उभी राहून कितीजणांना सुनावलंय. साफ खोटं होतं ते. माझी पहिली गिऱ्हाइकं सासूबाईंच्या भिशीतून आली. त्या दर महिन्याला पिशवीत चकल्या घालून न्यायच्या आणि सगळ्यांना खायला लावायच्या. ती जाहिरात नव्हे तर काय? पैसे पडले नाहीत म्हणून मला ती कधी जाहिरात वाटलीच नाही.

मग आली २०२२ ची दिवाळी. दसरा झाल्यावर भाच्यानं मोबाइलवर पोस्टर करून दिलं. पणत्या, चकलीचा फोटो, माझा नंबर आणि खाली ठळक अक्षरांत 'घरगुती फराळ, २४ तासांत घरपोच'. किलोचा भाव नाही. ऑर्डर कधीपर्यंत घेणार ते नाही. कुठवर पोचवणार तेही नाही. मी वाचलं आणि मला ते आवडलं. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे वर्षभर मी सगळा दोष भाच्याच्या माथी मारला.

आठ-दहा ओळखीच्यांना पाठवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड होतो खरा, पण त्या पाचांत एखादा सोसायटीचा ग्रुप असतोच. दोन दिवसांत सिडको, इंदिरानगर, नाशिकरोड, सगळीकडून फोन. आमची ताकद दिवसाला पंचवीस-तीस किलोची. तळणीला दोघी, सोऱ्यावर एक, पॅकिंगला मी. मी मात्र हो म्हणत गेले. वही भरली, दुसरी काढली.

त्यात लोकांनी अनारसे मागितले. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं, मग कुटून गुळात पीठ मुरवायचं, त्याला आणखी चार-पाच दिवस. हे मला माहीत नव्हतं का? आणि मी खुशाल २४ तास छापून बसले होते.

गंगापूर रोडच्या एक बाई, निवृत्त शिक्षिका, आठ वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांना लेकीला परदेशी पार्सल पाठवायचं होतं. लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला, म्हणून कुरिअरवाल्यानं त्यांना १४ तारीख दिली होती. १२ तारखेपासून त्यांचे फोन येत होते. मी फोन आवाज बंद करून भाजणीच्या डब्यामागे ठेवला होता. तळणीतला घाणा सोडून कोण बोलणार, अशी मनाची समजूत. खरं कारण वेगळं होतं. नाही म्हणायची हिंमत नव्हती. १४ तारखेला त्या रिक्षा करून स्वतः आल्या, दोन जिने चढून. मी म्हटलं, "बाई, उद्या सकाळी नक्की." मागे पातेल्यात तांदूळ भिजत होते. त्यांनी ते पाहिले. एवढंच म्हणाल्या, "बरं."

दिवाळीनंतर गूगलवर एक स्टार दिसला. खाली लिहिलं होतं, 'चकली उत्तम. फोन उचलत नाहीत.'

उत्तर लिहायला मला अकरा दिवस लागले. आधी लांबलचक खुलासा लिहिला, गॅस संपला, मुलगी आजारी, वगैरे. मग सगळं पुसलं आणि लिहिलं, 'चूक माझी. फोन घ्यायला हवा होता.' डबा घेऊन घरी गेले. बाईंनी डबा घेतला, पैसे मोजून दिले. आत या म्हणाल्या नाहीत.

तर टिप्स हव्यात ना? घ्या. पोस्टरवर भाव, शेवटची तारीख आणि हद्द लिहा. दिवसाला किती निघतं ते आधी वहीत मांडा आणि तेवढं भरलं की त्याच पोस्टरवर 'ऑर्डर बंद' लिहून पुन्हा पाठवा. लोक रागावत नाहीत, उलट पुढच्या वर्षी लवकर येतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो, म्हणून पुड्यासोबत चिठ्ठी द्या, 'नंबर सेव्ह करा'. उशीर होणार असेल तर गिऱ्हाइकाच्या आधी तुम्ही फोन करा. हे शेवटचं सांगितलं की समोरची मान डोलावते आणि विचारते, "ते ठीक, पण रीलला गाणं कुठलं लावू?"

मला वाटतं म्हणून मी बरोबर, असं मुळीच नाही. माझ्याबरोबर सुरू केलेल्या एकीचं आज सातपूरला दुकान आहे. तिनं रील केले, गोंधळही घातले आणि निस्तरले. मी अजून तीस किलोवरच. याला तत्त्व म्हणावं की भीती, हे रोज वेगळं वाटतं. मुलगी म्हणते, "पाच स्टार देणाऱ्याला सूट दे, तो एक स्टार खाली जाईल." सूट देऊन स्टार घेणं गूगलच्या नियमात बसत नाही, असं मी तिला सांगते. नियमात बसलं असतं तर केलं असतं का? बहुतेक केलं असतं.

परवा भाच्यानं नवं पोस्टर पाठवलं. भाव आहे, तारीख आहे, हद्द आहे, अनारशाला दहा दिवस आधी सांगा असंही आहे. खोड काढायला जागा नाही. तरी तीन दिवस झाले, माझ्याच फोनमध्ये पडून आहे.