लेन्स दोनदा मुंबईला जाऊन आली, तोवर हंगाम संपला

‘दोष आढळला नाही.’ सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवरच्या या तीन शब्दांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहून काढतोय.

उडते पक्षी टिपायचे म्हणून दोन वर्षं पैसे साठवून १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स घेतली. कॅमेऱ्याची बाकी सेटिंग जमायला वेळ लागला नाही. शटर १/२५००, ६०० वर अ‍ॅपर्चर एफ ६.३, आयएसओ ऑटो, फोकस कंटिन्युअस, बर्स्ट, म्हणजे सलग फोटो, चालू. जागा तर गोव्यात घराजवळच: करमळीचं तळं, दिवाडीची खाजनं (बांध घातलेली खाडीकाठची शेतं), रायबंदरहून फेरीबोटीनं पलीकडे उतरलं की चोडण. नोव्हेंबरात थापटे आणि तलवार बदकं आली आणि मी पहाटे साडेपाचला घर सोडायला लागलो.

फोटो मात्र मऊ येत होते. पक्षी चौकटीत नीट बसलेला, पंख उघडलेले, आणि डोळा धूसर. ज्याला दाखवावं तो म्हणे, हात हलतोय, पॅनिंगचा, म्हणजे पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवण्याचा सराव कर. महिनाभर सराव केला. मग एके दिवशी दिवाडीच्या बांधावर मानशीजवळ (पाण्याच्या झडपेजवळ) एक वंचक बगळा अगदी पुतळ्यासारखा बसला होता. ट्रायपॉड लावून त्याचे फोटो काढले. पक्ष्याच्या पुढ्यातल्या गवताचं पातं न् पातं स्पष्ट, आणि वंचक धूसर. तोच फोटो लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून काढला तर त्याच्या मानेवरच्या रेषा मोजता याव्यात इतका साफ. त्या क्षणी कळलं, हाताचा दोष नाही.

माझा कॅमेरा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला. त्यात व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून बघताना फोकस वेगळ्या सेन्सरवर मोजला जातो आणि फोटो उमटतो मुख्य सेन्सरवर. दोन्हींचा मेळ बसला नाही की फोकस पुढे किंवा मागे पडतो. काही कॅमेऱ्यांच्या बॉडींमध्ये ही दुरुस्ती मेनूतून करता येते, माझ्या बॉडीत ती सोय नाही. घरी मोजपट्टी तिरकी ठेवून ३० च्या आकड्यावर फोकस केला. सहा फोटो काढले, सहाही वेळा स्पष्ट दिसत होता २८.

एवढा पुरावा घेऊन लेन्स सर्व्हिसला दिली. इथे काउंटरवर द्यायची, ती मुंबईला जाते. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, ‘‘नुसती लेन्सच ना?’’ मी हो म्हटलं. चूक इथेच झाली. तीन आठवडे फोन करत राहिलो, दर वेळी तेच उत्तर: ‘‘सर, टेस्टिंगला आहे.’’ डिसेंबर संपत आला आणि लेन्स परत आली. दोष आढळला नाही, तपासणीचे पैसे भरा. मोजपट्टीचे फोटो पाकिटात जसे ठेवले होते तसेच, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. ते कुणी पाहिलेच नव्हते, याचा मला सर्वांत जास्त त्रास झाला.

वाद घातल्यावर खरं काय ते कळलं. त्यांनी लेन्स त्यांच्या बॉडीवर लावून तपासली होती. लेन्सची थोडी चूक आणि बॉडीची थोडी चूक, दोन्ही आपापल्या मर्यादेत असतात. पण दोन्ही एकाच बाजूला झुकल्या तर बेरीज होते. ती बेरीज माझ्या कॅमेऱ्यावरच दिसणार. म्हणून कुणालाही माझं पहिलं सांगणं हेच: लेन्स आणि बॉडी एकत्रच द्या. तक्रारीच्या रकान्यात ‘फोटो धूसर येतात’ असं मोघम लिहू नका. ‘६०० वर, व्ह्यूफाइंडरमधून, फोकस पुढे पडतो, लाइव्ह व्ह्यूवर बरोबर’ असं लिहा. रकाना एका ओळीचा असतो, मी वेगळा कागद जोडला आणि त्याची पोच सही-शिक्क्यानिशी घेतली. दोन्हींचे सीरियल नंबरही आधी टिपून ठेवा.

दुसऱ्या खेपेला आणखी चार आठवडे गेले. बॉडीही तिकडेच, त्यामुळे हातात फक्त दुर्बीण. त्या रविवारांनी मात्र पुष्कळ दिलं. पक्षी शक्यतो वारा येतो तिकडे तोंड करून उठतात. आपल्याकडे थंडीत सकाळी वारा जमिनीवरून, म्हणजे पूर्वेकडून येतो, आणि सूर्यही तिकडेच. सूर्याला पाठ करून उभं राहिलं की उठणारा थवा तोंडावर ऊन घेऊन आपल्याकडेच येतो. दुपारी समुद्राचा वारा सुरू झाला की हे गणित उलटतं. भरतीचं वेळापत्रकही बघा. पाणी चढलं की चिखलावरचे तुतारी आणि शेकाटे हे पाणपक्षी खाजनाच्या बांधांकडे सरकतात, तेव्हा आधीच तिथे जाऊन गप्प बसायचं. थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवणारे, दगड मारणारे लोक मी पाहिलेत. परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी त्या पक्ष्यांनी आपल्या फोटोसाठी का जाळायची?

राहिलंच, पांढरे बगळे आणि मागे गडद पाणी किंवा झाडी असेल तर एक्स्पोजर थोडं खाली घ्या, नाहीतर पिसं करपतात, म्हणजे नुसती पांढरीफटक उमटतात. काळा पक्षी आणि मागे आकाश असेल तर वर.

या वेळच्या जॉबशीटवर ‘कॅलिब्रेशन केले’, म्हणजे लेन्स आणि बॉडीचा मेळ बसवला, असं लिहिलं होतं. पहिल्या तपासणीचे पैसे परत मिळाले नाहीत, त्यासाठी अर्ज दिलाय.

मार्चच्या पहिल्या रविवारी करमळीला गेलो. थापटे निघून गेले होते. अडई बदकं इथलीच, ती होती. स्थानकाकडून गाडीचा भोंगा वाजला आणि शंभरेक अडया शीळ घालत उठल्या. बर्स्ट दाबून धरला. बांधावर बसूनच स्क्रीनवर एक फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. डोळ्याभोवतीचं बारीक पिवळं कडं अख्खं दिसत होतं.