हे बिमारीचं नाही जी

मे महिना संपत आला होता आणि नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागून तीन-चार दिवस झाले होते. भर दुपारी आमच्या गटातल्या काकूंचा फोन आला. गटातल्याच 'भाऊ'चा आवाज जड येतो आहे, शब्द एकमेकांत मिसळत आहेत, आणि पाणी पिलं का म्हणून विचारले तर दोन्ही वेळा त्याने 'कूलर लावला' एवढेच उत्तर दिले, असे त्या सांगत होत्या.

मी नागपुरात मानसोपचार समाजकार्यकर्ती म्हणून काम करते. महाल भागातील एका छोट्या सभागृहात स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजार असलेल्या शुभार्थींचा एक स्वमदत गट भरतो, तिथे मी जाते. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आम्ही शुभार्थी म्हणतो. बैठक चालवतात ते शुभार्थीच. मी भिंतीकडेच्या खुर्चीवर बसते आणि विचारले तरच बोलते. गटाने आपली एक फोनची साखळी तयार केली आहे. प्रत्येकाने रोज दोघांना फोन करायचा, पण 'गोळी घेतली का?' हा प्रश्न विचारायचा नाही, असा सर्वानुमते ठरलेला नियम आहे. तो प्रश्न घरात सकाळ-संध्याकाळ, बहुधा संशयाच्या सुरात, विचारून झालेलाच असतो. झोप कशी लागली, जेवण काय झाले, एवढेच विचारायचे. उन्हाळ्यात त्यात पाण्याचा प्रश्न वाढवला तो सदस्यांनीच.

भाऊ पस्तिशीचा आहे, बायपोलर आजारासाठी कित्येक वर्षांपासून लिथियम घेतो, आणि कूलर दुरुस्तीचे काम करतो. गच्चीवर कूलर चढवणे, ताट्या बदलणे, पंप बसवणे ही कामे नेमकी त्याच दिवसांत येतात, जेव्हा शहाण्या माणसाने दुपारी घराबाहेर पडू नये. वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा याच दोन-अडीच महिन्यांत मिळत असल्यामुळे त्याला थांब म्हणणे सोपे नाही.

मी हुडकेश्वरकडे त्यांच्या घरी पोहोचले तेव्हा थोरल्या भावाने ऑटो बोलावून ठेवला होता. दोन रात्री नीट झोप नाही, बोलण्याचा मेळ नाही, चालताना तोल जातो, यावरून घराने निष्कर्ष काढला होता की आजार परत उलटला आणि आता मनोरुग्णालय गाठायचे. या निष्कर्षाला मी नावे ठेवणार नाही. मागच्या वेळीही सुरुवात झोप उडण्यापासूनच झाली होती, आणि त्या वेळी जे भोगावे लागले त्याने त्या घराची नजर कायमची एकाच दिशेला लागली आहे.

काकू माझ्याआधीच पोहोचल्या होत्या. चेहऱ्याला ओढणी गुंडाळून, भाच्याच्या स्कूटरवर मागे बसून त्या महालातून आल्या होत्या. त्यांनी भाऊला मनात काय चालले आहे असे काहीही विचारले नाही. दोन्ही हात पुढे धरायला लावले. लिथियम घेणाऱ्यांच्या बोटांना बारीक कंप असतो. आमच्या बैठकीत चहाच्या कपाकडे पाहिले तरी तो दिसतो. इथे मात्र मनगटापासून हात हादरत होते. मग त्यांनी त्याला दारापासून तुळशीपर्यंत चालायला सांगितले. तो पाय फाकवून, आधार शोधत चालला. त्यानंतर त्या आईकडे वळल्या. आदल्या दिवसापासून जुलाब होत होते, एकदा उलटीही झाली होती. आणखी कोणती गोळी सुरू आहे, यावर तो स्वतःच अडखळत म्हणाला की कूलर उचलून कंबर धरली म्हणून चार-पाच दिवस मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून घेत होता.

"हे बिमारीचं नाही जी," काकू थोरल्याला म्हणाल्या, "हे गोळीचं आहे. लिथियम चढलं अंगात. मले असंच झालं होतं."

लिथियमची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांतले अंतर फार थोडे असते. उपचारासाठी रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटरच्या आसपास ठेवतात. दीडच्या वर गेली की धोका सुरू होतो. घाम आणि जुलाब यांतून पाणी व मीठ निघून गेले की मूत्रपिंड सोडियम राखून ठेवू लागते आणि त्याबरोबर लिथियमही राखून ठेवते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी ही पातळी आणखी वाढते. भाऊच्या बाबतीत ऊन, जुलाब आणि वेदनाशामक अशी तिन्ही कारणे एकाच आठवड्यात एकत्र आली होती. गोळी तो चुकवत नव्हता, अगदी नेमाने घेत होता, आणि म्हणूनच ती अंगात साठत गेली.

ऑटो जनरल रुग्णालयाकडे वळवला. तिथल्या अपघात विभागातील तरुण डॉक्टरांनी जुने कागद पाहिले आणि मानसोपचार विभागाकडे पाठवण्याची चिठ्ठी लिहायला घेतली. मानसिक आजाराचे नाव कागदावर असले की शरीराच्या तक्रारीही त्याच खात्यात जमा होतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. काकूंनी टेबलावर दोन पाकिटे शेजारी शेजारी ठेवली, एक लिथियमचे आणि एक दुखण्याच्या गोळीचे, आणि म्हणाल्या, "साहेब, रक्तातलं लिथियम पाहून घ्या, मग जिथं पाठवायचं तिथं पाठवा." मी त्याच्या नेहमीच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावून तो डॉक्टरांच्या हातात दिला. त्या दिवशी माझा वाटा एवढाच होता. पातळी दीडच्या बरीच वर आली. लिथियम थांबवले, सलाइन लावले, मूत्रपिंडाच्या तपासण्या केल्या. डायलिसिसची वेळ आली नाही. तिसऱ्या दिवशी बोलणे स्वच्छ झाले. रात्री थोरला भाऊ थांबे, दिवसा गटातले दोघे-दोघे पाळीने बसत.

आमच्या शिक्षणात परस्परसाहाय्याविषयी जे शिकवले जाते, त्यात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज फेअरवेदर यांचा दाखला हमखास असतो. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे १९६३च्या सुमारास त्यांनी दीर्घकाळ रुग्णालयात राहिलेल्या रुग्णांना गटानेच बाहेर पाठवले. ते एका घरात राहिले, साफसफाईची कामे घेऊन पोट भरू लागले आणि एकमेकांच्या औषधांवर लक्ष ठेवू लागले. नेहमीच्या पद्धतीने घरी पाठवलेल्यांपेक्षा ते समाजात जास्त काळ टिकले आणि जास्त काम करू शकले. त्यांची लक्षणे मात्र इतरांपेक्षा फारशी कमी झाली नाहीत. हा दुसरा निष्कर्ष सांगायला लोक विसरतात. मला तो अधिक प्रामाणिक वाटतो, कारण आमच्या गटानेही कोणाचा आजार बरा केलेला नाही. काकूंना अजूनही दरवर्षी दोन-तीन आठवडे फार वाईट जातात, आणि त्या दिवसांत साखळीतला फोन त्यांच्याकडे येतो.

मदत करणाऱ्यालाच अधिक लाभ होतो, असे स्वमदत गटांचे अमेरिकन अभ्यासक फ्रँक रिसमन यांनी १९६५मध्ये मांडले. ते खरे आहे, पण ते सांगताना आपण मदत करणाऱ्याची दमछाक झाकतो, असे मला वाटते. त्या धावपळीनंतर काकू दोन दिवस अंथरुणावर होत्या. त्यांच्या मुलाने मला फोन करून, आईची तब्येत तुम्हाला ठाऊक असताना तिला अशा कामाला का लावता, असे रागानेच विचारले. मी काकूंना ते सांगितले. त्या म्हणाल्या, "त्याले म्हणा, मले कोणी लावलं नाही, मी गेली." तरीही पुढच्या बैठकीत मी हा विषय काढला आणि अशा वेळी एकट्याने न जाता दोघांनी जायचे, असे ठरले.

भाऊचे लिथियम तज्ज्ञांनी काही दिवसांनी कमी मात्रेत पुन्हा सुरू केले. उन्हाळ्याआधी आणि भर उन्हाळ्यात रक्त तपासायचे, मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक आणायचे नाही, जुलाब सुरू झाले की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे, हे गटातल्या लिथियम घेणाऱ्या सगळ्यांनी मान्य केले. 'मी लिथियम घेतो' असे लिहिलेले कार्ड खिशात ठेवण्यावर मात्र एकमत झालेले नाही. भाऊला ते हवे आहे. दुकानात पाकीट इकडेतिकडे पडते, कोणी वाचले तर काम जाईल, असे इतर तिघांचे म्हणणे आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार मिळणारे प्रमाणपत्रही याच धास्तीने आमच्यातले काहीजण काढत नाहीत. काकूंनी यावर सुचवले आहे की कार्डावर आजाराचे नाव नको, फक्त गोळीचे नाव, डॉक्टरांचा नंबर आणि साखळीतल्या दोघांचे नंबर असावेत. त्यावर पुढच्या शनिवारी बोलणे व्हायचे आहे.